सव्वा महिन्याच्या आत

एकतिसाव्या वर्षीही माणूस शिकत असू शकतो, हे माझ्या आत्याला अजून पटलेलं नाही. "डॉक्टर झालीस, मग डोळ्यांची डॉक्टर झालीस, आता आणखी काय शिकतेस गं?" असं ती दर सणाला विचारते. मी सांगते, डोळ्याच्या आतला पडदा. "म्हणजे डोळाच ना?" ती म्हणते आणि घरभर हशा पिकतो. शिंदखेड्याच्या आमच्या घरातली मी पहिली डॉक्टर. वडिलांनी 'डॉ. संघमित्रा देवचंद बैसाणे' अशी पाटीसुद्धा हौसेने करून ठेवली आहे. दवाखाना नाही, म्हणून ती कपाटावर कापडात गुंडाळून पडली आहे.

जळगावला फिरके सरांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी फेलोशिप करते. तिची रीत जुन्या सुतारासारखी आहे. आधी सरांच्या मागे उभं राहून नुसतं बघायचं. मग हाताखाली मदत करायची. मग सर मागे उभे राहतात आणि आपण करायचं. शेवटची पायरी म्हणजे सर नसताना करायचं. ती पायरी होता होईल तो येऊच नये, असं मला मनापासून वाटायचं. मी भित्री आहे. लोकांना वाटतं, डोळ्यात सुई घालणारी बाई, हिला कसली भीती? अहो, सुई घालते म्हणूनच भीती.

त्यातही मोठ्या माणसांच्या डोळ्यांचं मला काही वाटत नाही. मधुमेहवाल्या आजोबांना लेझर करताना मी त्यांच्याशी कपाशीच्या भावाच्या गप्पा मारते. माझी बोबडी वळते ती बाळांपुढे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पुरत्या पसरलेल्या नसतात. काही बाळांत त्या भलतीकडेच वाढू लागतात आणि वेळेत थांबवल्या नाहीत, तर पडदाच ओढून सोडवतात. मग जगातला कुठलाही डॉक्टर तो डोळा पुरता परत देऊ शकत नाही. आणि वरून काहीच दिसत नाही. डोळे टपोरे, काळेभोर. आई कौतुकाने म्हणते, बघा, माझ्याकडेच बघतोय.

म्हणून दर बुधवारी आम्ही धुळ्याला जायचो. तिथल्या एका बाळांच्या दवाखान्यात काचेच्या पेट्यांमधली बाळं तपासायची. गाडी हिलालभाऊ चालवायचे. मागच्या सीटवर छोटं लेझरचं यंत्र, मांडीवर भिंगाची पेटी, पारोळ्याला चहा. सर वाटभर बोलायचे. अमावास्येला ऑपरेशन नको म्हणणाऱ्या पेशंटच्या नकला तर ते अशा करायचे की हिलालभाऊंना गाडी बाजूला घ्यावी लागायची.

पुनमचं बाळ मी तिथंच पाहिलं. सातव्या महिन्यातच झालेलं, साखरेच्या पुड्याएवढ्या वजनाचं. तपासलं तेव्हा रोग नव्हता, पण वाहिन्या फार मागे राहिल्या होत्या. सर म्हणाले, "हे बाळ सोडायचं नाही. दर आठवड्याला बघायचं." मी पुनमच्या नवऱ्याला, नवलला, बजावून सांगितलं, की घरी नेलंत तरी पुढच्या बुधवारी इथं आणायचं. त्याने मान डोलावली.

पुढच्या बुधवारी बाळ आलं नाही. मी फोन केला. नवल म्हणाला, "ताई, आई नको म्हणते. सव्वा महिना भरल्याशिवाय बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत आमच्यात. तो भरला की लगेच आणतो."

आमच्यात म्हणजे काय, आमच्या साऱ्या खान्देशातच काढत नाहीत. दुसरी एखादी डॉक्टर असती तर भडकली असती. मी मात्र इथलीच. मी बोटांवर हिशेब केला. जन्मून महिना होत आला होता, म्हणजे सव्वा महिना पुढच्या बुधवारच्या आसपास भरतोच. जरा उशीर, पण चालेल. उगाच म्हातारीशी भांडून बाळ कायमचं तुटण्यापेक्षा बरं. मी सरांना सांगितलं, "येतील पुढच्या खेपेला." मला माझ्या समजूतदारपणाचं कौतुकही वाटलं.

त्याच आठवड्यात सरांचे वडील जामनेरला वारले. सर थोरले, अग्नी त्यांनी दिला. पुढच्या बुधवारी धुळ्याला मी एकटीच गेले. बाळ त्याही दिवशी आलं नाही.

"अहो, अजून पंधराच दिवस तर झालेत," नवल फोनवर म्हणाला.

"कशाला पंधरा?"

"घरी आणून."

मला काही कळेना. तेवढ्यात त्याच्या हातून फोन कोणीतरी घेतला. आवाज बाईचा, जाड आणि ठाम. ती त्याची आई, यशोदाबाई. "पाचवी पूजी तवय पोऱ्या जलमना, बेटी. काचनी पेटीमा का कोनी जलमस?"

मी तिथंच खुर्चीत बसले. बाळ घरी आलं, मग पाचव्या दिवशी सटवाई पूजली, म्हणजे घराच्या लेखी बाळ घरी आलं त्याच दिवशी जन्माला आलं. दवाखान्यातले सगळे दिवस त्यांनी धरलेच नव्हते. त्यांचा सव्वा महिना भरायला अजून तीन आठवडे होते. मी इथलीच म्हणून मिरवत होते आणि इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"हिलालभाऊ, गाडी काढा," मी म्हटलं.

गाव शिंदखेड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. सोनगीर मागे पडेपर्यंत मी मनात एकच घोकत होते, काही नसेल, काही नसेल. उन्हात कापसाच्या वाळलेल्या पळाट्यांचे ढीग पेटवले होते आणि धूर रस्त्यावर आला होता. घराशी पोचले तेव्हा यशोदाबाई दारातच उभ्या होत्या. कपाळावर मोठं कुंकू, हातात सूप.

"कोठली शे तू?"

"शिंदखेडानी."

"कोनी?"

कोणाची, म्हणजे कुठल्या जातीची; हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. डॉक्टर झाले तरी तो आला की माझी मान आपोआप ताठ होते. "बैसाणे," मी म्हटलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाय धोय, हात धोय, मंग ये," त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात उसळले. तेवढ्यात शेतातून नवल आला आणि त्यालाही त्यांनी त्याच शब्दांत मोरीकडे पिटाळलं. मग मी मुकाट्याने पाय धुतले.

आतली खोली बंद, शेकाच्या धगीने गरम, ओवा-शेपाच्या धुरीचा वास. पुनम डोक्याला रुमाल बांधून बाजेवर बसली होती. पाळण्यात बाळ, उशाशी वाईट नजरेपासून राखणारा लोखंडाचा अडकित्ता, वर पाळण्याच्या डाव्या अंगाला रंगीत चिमण्यांचं चिमणाळं. मी बाळाच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायची वाट पाहिली, डोक्याला दिव्याचा पट्टा बांधला, पापणी उघडली आणि भिंग धरलं.

पहिल्याच नजरेला कळलं. पडद्यावरच्या वाहिन्या फुगलेल्या, तांबड्यालाल, नागमोडी. जिथे त्या संपायला हव्यात तिथे रक्ताचे शिंतोडे. पुस्तकात या रोगाचं जे सर्वात वाईट चित्र असतं, तेच माझ्या भिंगात होतं. उजव्यात तसं, डाव्यात त्याहून वाईट. मी उगाचच भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. चित्र तेच होतं.

अंगणात येऊन सरांना फोन लावला. ते जामनेरच्या घरी सुतकात बसले होते. मागून बायकांचे आवाज येत होते. मी भडाभडा सांगितलं.

"आज व्हायला हवं," ते म्हणाले.

"सर, तुम्ही धुळ्याला या ना. मी बाळ तिथं आणते."

"परवा दहावा आहे. आई समोर बसलीय, संघमित्रा. मी उठलो तर ती..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "परवापर्यंत थांबता येणार नाही. यंत्र तुझ्याकडे आहे. तू कर."

"सर, मी एकटीने कधी..."

"माहीत आहे. तू कर."

अमावास्येच्या नकला करणारे ते हेच सर! मला इतका राग आला की क्षणभर भीतीही पळाली. मग फोन ठेवला आणि ती परत आली, दुप्पट होऊन.

आत जाऊन मी सगळं सरळ सांगितलं. डोळे जाताहेत. आजच धुळ्याला न्यायला हवं. लेझर करायला हवं. यशोदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"तुमना मोठा डॉक्टर का उना नई?"

खोटं बोलायची तेवढी एक वेळ होती. पण मला खोटं पटकन सुचत नाही. "त्यांचे वडील वारलेत. सुतकात आहेत."

"बराबर शे," त्या म्हणाल्या. "मंग त्यानं सुतक त्याले पाळाले जोयजे, अन् आमनं आम्ही मोडाले?"

मी इतकी वर्षं शिकले, पण यावरचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नवल जमिनीकडे बघत उभा. मग यशोदाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "पहिला पोऱ्या बी याच पायनामा व्हता. लगीनले लई गयात, सव्वा महिना भरेल नव्हता. तिसरा दिन हातमा थंडा व्हयना. तुले काय माहीत बेटी, माले कशानं भ्याव वाटस ते."

तेव्हा मला कळलं, की ही बाई हट्टी नाही. ही माझ्यासारखीच घाबरलेली आहे. फरक एवढाच, की तिच्या भीतीने एक पोर गेलेलं पाहिलं होतं आणि माझ्या भीतीने अजून काहीच पाहिलेलं नव्हतं.

"आजी, माले बी भ्याव वाटस," मी म्हटलं. घरची बोली तोंडात आपोआप आली. "मी एकलीनं हाई काम कधी करेल नई."

डॉक्टरने पेशंटच्या घरी असं बोलायचं नसतं. सर असते तर त्यांनी मला तिथंच झापलं असतं. पण बाजेवरची पुनम, जी आतापर्यंत एक शब्दही बोलली नव्हती, ती माझ्याकडे बघायला लागली.

"ताई, नई नेलं ते?"

"दिसणार नाही. दोन्ही डोळ्यांनी."

"अन् नेलं ते?"

मला म्हणायचं होतं, सगळं नीट होईल. "माहीत नाही," मी म्हटलं. "पण नेलं तरच काही होईल."

पुनम उठली. बाळंतिणीची चाल, भिंतीला धरून. बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि सासूसमोर येऊन उभी राहिली. "पहिला गया तवय तुम्ही सांगं, नेवाले नको व्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी ऐकी लिधं. आते मी सांगस, नेवाले जोयजे."

यशोदाबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता घरात रडारड होणार. त्या पाळण्याकडे गेल्या, अडकित्ता उचलला, पदरात बांधला आणि चपला पायात सरकवल्या.

धुळ्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. हिलालभाऊंनी गतिरोधकावर इतक्या जपून गाडी घेतली, जणू आत अंड्यांची पाटी होती. मी डोळे मिटून सरांचे शब्द आठवत होते. सारवल्यासारखं करायचं. कडेपासून आत यायचं, मध्ये कोरडं राहू द्यायचं नाही. जिथे फट राहील तिथून रोग उठेल. आणि मधोमध तो जो बारीक ठिपका आहे, ज्याने बाळ उद्या आईचा चेहरा ओळखणार आहे, त्याच्या जवळसुद्धा जायचं नाही. हात तसूभर चुकला, तर रोग जे करणार होता ते आपणच केलं असं होईल.

बाळाला उबेच्या टेबलावर ठेवलं. बाळांचे डॉक्टर डोक्याशी उभे राहिले, ऑक्सिजन हाताशी. यशोदाबाईंनी दारातून पुढे येऊन अडकित्ता बाळाच्या पायाशी ठेवला. सिस्टर ओरडल्या, "अहो आजी, हे काय!" डॉक्टर म्हणाले, "राहू द्या, स्पिरिटने पुसून ठेवा." यशोदाबाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

उजव्या डोळ्यापासून सुरुवात केली. पापण्या तारेने उघड्या, डोक्यावर लेझरचा पट्टा, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात डोळा फिरवायची बारीक कांडी. पायाखाली पेडल. गावठी बोराएवढा तो डोळा. पहिलं पेडल दाबायला मला इतका वेळ लागला, की सिस्टरने विचारलं, "मॅडम, यंत्र बिघडलं का?" मी दाबलं. पडद्यावर पांढुरका ठिपका उमटला. जिथे हवा तिथेच. मग दुसरा. मग तिसरा.

अर्धा डोळा सारवून झाला असेल, तोच बाळाला लावलेल्या मॉनिटरचा सूर बदलला. बाळाच्या छातीचा ठोका मंदावत होता. "थांबा!" डॉक्टर म्हणाले. मी कांडी काढली. बाळ श्वास घेत नव्हतं. ओठ निळसर. डॉक्टरांनी पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या, नाकाशी मास्क धरला. तिसरा दिन हातमा थंडा व्हयना. हेच एक वाक्य माझ्या कानात घुमत होतं. मी मनात म्हटलं, मीच उंबऱ्याबाहेर काढलं याला, मीच.

मग बाळाने एक कण्हल्यासारखा आवाज काढला, आणि रडलं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "चला, पुढे." पुढे? मी कांडी पुन्हा उचलली. थांबत, बाळाला सावरू देत, पुन्हा करत. उजवा डोळा पुरा झाला तेव्हा माझा अंगरखा पाठीला चिकटला होता आणि मला ठाऊक होतं, की डाव्याला हात लावायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

तेव्हा दार उघडलं. सर आत आले. मुंडण केलेलं डोकं, पांढरा सदरा, पायात काही नाही. त्यांना ओळखायला मला एक क्षण लागला.

"उठलो," एवढंच ते म्हणाले. हात धुतले. माझ्या खांद्यावरून वाकून उजवा डोळा तपासला. "फट नाही," ते पुटपुटले. मग हात पुढे केला.

मी डोक्यावरचा पट्टा काढून त्यांना दिला. मला इतकं हलकं वाटलं, इतकं, की बाजूला होऊन मी भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणीच आलं. डावा डोळा सरांनी केला. त्यांचा हात मी दीड वर्ष पाहत आले आहे. त्या दिवशीही तो तसाच होता, शांत, एकसारखा. बाहेर पडताना बाकावरून यशोदाबाईंनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि नवलला विचारलं, "हाऊच का तो, ज्याना बाप वारना?" नवलने मान हलवली. मग बाळ हातात घेताना सरांच्या हाताला हात लागू नये याची त्यांनी काळजी घेतली.

पुढच्या बुधवारी ती सगळी माणसं आमच्याआधी येऊन बसली होती. मी उजवा डोळा उघडला. वाहिन्या निवल्या होत्या. बारीक, सरळ, मुकाट. मला ओरडावंसं वाटलं. मग डावा उघडला. लेझरच्या खुणा सगळीकडे छान होत्या, पण मधोमध रक्त साकळलं होतं आणि त्याखाली पडदा एका बाजूने उचलला गेला होता. तंबूसारखा.

मी सरांना भिंग दिलं. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, तर: माझा नाही, तो माझा डोळा नाही. लाज वाटावी असाच तो विचार होता. पण तो आला, आणि त्याने मला बरंही वाटलं. मग सर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पाहून माझं ते बरं वाटणं जागच्या जागी विरलं. लेझर चांगलं झालं होतं. डावा डोळा आधीपासूनच हाताबाहेर गेलेला होता, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण ते माझ्याकडे न बघता इतक्या हळू म्हणाले, की फक्त मलाच ऐकू यावं, "आई म्हणाली होती, असा उठू नकोस. हाताला यश येणार नाही."

ज्या माणसाकडून मी न घाबरायला शिकत होते, तो माणूस घाबरला होता. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

"मी सांगतो त्यांना," ते म्हणाले. पण बाहेर येऊन बाकासमोर उभे राहिले आणि त्यांना शब्द फुटेना. मीच सांगितलं. उजवा वाचला असं दिसतंय. डावा नाही. मुंबईला मोठ्या ठिकाणी पाठवू, पण फार आशा धरू नका. पुनमने बाळ छातीशी घट्ट धरलं. नवल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

यशोदाबाईंनी विचारलं, "डावा कोनी करा?"

मला ठाऊक होतं, आता काय येणार. ही बाई आता सरांच्या आईचंच वाक्य बोलणार, आणि ती ते बोलली, की सर त्यातून जन्मात बाहेर येणार नाहीत. बाळ बघायला पुन्हा कधी धजणारच नाहीत. "आजी, दोन्ही डोळे दोघांनी मिळून..." मी सुरुवात केली.

"मी केला," सर म्हणाले.

यशोदाबाई त्यांच्या डोक्याकडे बघत राहिल्या. नुकते खुंट आले होते.

"तुना बाप मरेल व्हता, तरी तू उठना," त्या म्हणाल्या. त्यांचा तो जाड आवाज चिरकत होता. "अन् मी जित्ता पोऱ्याले धरीसन बसनू." मग त्यांनी पुढे होऊन सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या दिवशी ज्या हाताला त्यांनी शिवू दिलं नव्हतं, तोच. सर लहान मुलासारखे रडले. दवाखान्याच्या ओसरीत, सगळ्यांदेखत.

मुंबईच्या डॉक्टरांनी डाव्यावर ऑपरेशन केलं. उजेड-अंधार कळला तर कळेल, एवढंच म्हणाले. उजवा मात्र दर आठवड्याला बघायचा होता, आणि दर आठवड्याला पापणी उघडताना माझे हात गार पडायचे. अजूनही पडतात. सर मागे उभे राहतात. त्यांची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही, हे त्यांनी एकदा पारोळ्याला चहा घेताना सांगितलं.

घराच्या हिशेबाने सव्वा महिना भरला, त्या दिवशी यशोदाबाईंनी आम्हा दोघांना बोलावणं धाडलं. आम्ही मोरीत पाय धुतले. खिडक्या उघडलेल्या, खोलीत ऊन आलेलं. मी बाळाचा उजवा डोळा तपासला. शांत होता. आजच्यापुरता. पुढच्या बुधवारचं पुढच्या बुधवारी.

भिंग पेटीत ठेवता ठेवता माझी नजर पाळण्यावर गेली. चिमण्यांचं चिमणाळं डाव्या अंगाला नव्हतं. दोरी सोडून ते उजव्या अंगाला बांधलं होतं. मी बघतेय हे यशोदाबाईंनी पाहिलं. त्यांनी एका चिमणीला बोट लावून ती हलवली.

"आतेपासून सवय लागू दे त्याले," त्या म्हणाल्या.